कुलर बंद कर

लटारूभाऊ आला तेव्हा नवतपा लागला होता.
दुपट्ट्यात गुंडाळलेली शेपटी त्यानं खाटेवर ठेवली,
लग्नातली उरलेली बुंदी ठेवावी तशी, जरा लाजत.
"रेशमीची हाये. गाडायच्या आधी कापून घेतली."

सतरा लगीनसराया तिनं नवरदेव वाहिले,
पवनीपासून ब्रह्मपुरीपर्यंत.
ढोलाला कान हलवायची नाही,
फटाक्याला मात्र दरवेळी थरकायची.

केस रिठ्याच्या पाण्यात धुतले, सावलीत वाळवले.
राठ, काळे, मधूनच एखादा तांबूस.
हे काम मी प्रशिक्षणात शिकले, तीन महिने.
तिथल्या भट्टीला दार होतं, उष्णतेचा काटा होता.
इथं विटांचा आवा, अंगण, आणि माझे डोळे.

पहिलं मडकं सांडशीनं उचललं
आणि ठेवलं फरशीवर. चूक माझीच.
बुडाला गार लागलं.
टिक्.
चिमणीनं दाणा फोडावा, एवढाच आवाज.
गळ्यापासून बुडापर्यंत रेघ उतरली,
केसाची नव्हे.

दुसऱ्याखाली तापली वीट दिली, विटेवर राख.
केस टेकवला. तो आळोखे देत वळला, जळला,
काळी वाट ठेवून गेला.
लटारूभाऊनं नाकावर दुपट्टा धरला,
वास तसा असतोच.
चौथा केस हातात होता, आणि ओसरीतून भाच्यानं,
घामानं निथळणारं पोरगं बिचारं,
कुलर लावला.
वाळ्याचा ओला वारा सरळ मडक्याच्या पोटावर.
टिक्.
"बंद कर रे थो कुलर!"
बंद केला त्यानं. मडक्याला त्याचा काय उपयोग.

तिसरं त्या दिवशी काढलंच नाही.

दोन्ही फुटकी उखळात कुटली, चाळली.
डाळीएवढी नको, रव्याएवढी.
पाच घमेली मातीला एक घमेलं भुकटी.
तलावाच्या पोटातली माती चिकट, हट्टी,
एकटी तापली की आक्रसते, चिरते.
तिच्यात आधी भाजून निघालेलं कोणी असावं लागतं.
लीदही मिसळली. हिवाळ्यात त्याच्याच तबेल्यातून आणलेली,
गोणीच्या तळाशी उरली होती.
कुणाची, ते त्याला सांगितलं नाही.

थापी मारताना कान लावून बसले:
जाड जागा ठप्प बोलते, पातळ जागा टण्.
सगळीकडून एकच आवाज येईस्तोवर थापलं.
आठ दिवस गोणपाटाखाली, मग सावलीत,
मग गारगोटीनं घोटून घोटून
हात दुखेस्तोवर.

आणि पहाटे साडेतीनला, वारा निजलेला असताना,
तिन्ही बाजूंनी टिनाचे पत्रे उभे करून
मडकं बाहेर घेतलं.
भाच्यानं कुलरचं वायरच गुंडाळून उशाखाली ठेवलं होतं.
लटारूभाऊ बिडी ओढायला पार चिंचेपर्यंत गेला, आला.
एक एक केस. अकरा लागले.
"अजून एक लाव नं, बाई."
"नाही. उतरला ताव. आता जळणार नाही, नुसता चिकटंल."
वरून तापलेलं घमेलं पालथं घातलं, भोवती राख लोटली.
उघडून पाहायचं नाही, कुणीच.

दुपारी उघडलं.
गाजरी अंगावर काळ्या वाटा, कुठं फाटे फुटलेल्या,
कुठं एकदम थांबलेल्या.
"पानी राहीन यात?"
"झिरपंल."
"बरं," म्हणाला, आणि बसला उकिडवा.
एका रेघेवर बोट ठेवलं. "ही चीर तं नाही?"
"केस हाये."
"अन् ही?"
"केस."
असं अकरा वेळा.
शेवटच्या रेघेवर मी नख फिरवलं, आडवं.
चिरेत नख अडतं.
अडलं नाही.

आतून भाचा ओरडला, "मावशे, लावू का आता?"
मडक्याला हात लावून पाहिला. अजून कोमट होतं.
सांजेपर्यंत थांब, म्हटलं.